विश्लेषण : जुना आयपॅड की नवा? पिढ्यांच्या आकड्यांमागचे गणित काय?

मार्च २०२५ मध्ये ‘ॲपल’ने आपल्या सर्वांत स्वस्त आयपॅडची नवी आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा तिच्या नावातून पिढीचा क्रमांक गायब झाला होता. आधीचा होता ‘आयपॅड (दहावी पिढी)’, नव्याचे नाव ‘आयपॅड (ए१६)’. कंसातले हे नाव आत बसवलेल्या चिपचे आहे. दुकानांत त्याला सर्रास ‘अकरावी जनरेशन’ म्हणतात आणि ते चूकही नाही. पण नावातला हा बदल ग्राहकाच्या फायद्याचा आहे. दोन पिढ्यांची तुलना करताना स्क्रीन, कॅमेरा आणि रंग यांकडे आधी लक्ष जाते. टॅब्लेट किती वर्षे कामाचा राहणार, हे मात्र बहुतांशी चिप ठरवते. घरातला जुना आयपॅड आणखी दोन वर्षे चालवावा, ओळखीतून मिळणारा नवव्या पिढीचा घ्यावा की ३४,९०० रुपये मोजून नवाच आणावा, या प्रश्नाचे उत्तरही तिथेच दडलेले आहे.

आयपॅडच्या पिढ्या मोजायच्या कशा?

पहिला आयपॅड स्टीव्ह जॉब्स यांनी २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सादर केला. त्याला कॅमेरा नव्हता आणि त्याची मेमरी होती अवघी २५६ एमबी. त्यानंतर जवळपास दरवर्षी नवा आयपॅड येत गेला, मात्र दरवर्षी ‘नवी पिढी’ याचा अर्थ सारखा राहिला नाही. पुढे मिनी, एअर आणि प्रो अशा शाखा फुटल्या आणि प्रत्येक शाखेची मोजणी वेगळी सुरू झाली. त्यामुळे ‘पाचव्या पिढीचा आयपॅड’ आणि ‘पाचव्या पिढीचा आयपॅड एअर’ ही दोन पूर्णपणे वेगळी यंत्रे आहेत. पहिले २०१७ चे, दुसरे २०२२ चे. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत हा घोळ नेहमी दिसतो, कधी अज्ञानातून, कधी सोयीने.

पिढी बदलली म्हणजे यंत्र बरेच सुधारले, असेही नाही. तिसऱ्या पिढीचा आयपॅड मार्च २०१२ मध्ये आला. त्याच्या ‘रेटिना’ स्क्रीनवर आधीच्या चौपट बिंदू होते. एवढी स्क्रीन उजळवायला वीज जास्त लागते म्हणून बॅटरी २५ वॉट-तासांवरून ४२.५ वॉट-तासांवर न्यावी लागली. यंत्र जाड झाले, जड झाले, आणि कंपनीने सांगितलेला वापराचा वेळ मात्र होता तेवढाच राहिला, दहा तास. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आठ महिन्यांच्या आत, अधिक ताकदीची चिप आणि नवे लायटनिंग पोर्ट असलेली चौथी पिढी सादर झाली. मार्चमध्ये रांगा लावलेल्यांच्या हातात जुने चार्जर राहिले.

वेग महत्त्वाचा की आयुष्य?

जाहिरातीत वेगाचे आकडे असतात. ‘ए१६’ आयपॅड दहाव्या पिढीपेक्षा सुमारे ३० टक्के वेगवान असल्याचे कंपनी सांगते. हा फरक खरा असला, तरी यूट्यूब पाहताना, पीडीएफ वाचताना किंवा व्हिडीओ कॉलवर आजी-आजोबांशी बोलताना तो जाणवत नाही. ‘ई-बालभारती’वरचे पाठ्यपुस्तक दहा वर्षांपूर्वीच्या आयपॅड एअर २ वरही व्यवस्थित उघडते. मग नव्या चिपचा उपयोग काय? तिच्यावर कंपनी किती वर्षे नवी प्रणाली देणार, हा खरा उपयोग.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सातव्या आणि आठव्या पिढीचे आहे. सातवी पिढी सप्टेंबर २०१९ मध्ये आली. स्क्रीन १०.२ इंचांची झाली, मेमरी २ वरून ३ जीबी झाली, पण चिप होती ए१०, म्हणजे २०१६ च्या आयफोन ७ मधली. सहाव्या पिढीतही हीच चिप होती. वर्षभराने, सप्टेंबर २०२० मध्ये, आठवी पिढी आली. बाहेरून दोन्ही यंत्रे इतकी सारखी की शेजारी ठेवली तर ओळखू येणार नाहीत. भारतातली सुरुवातीची किंमतही सारखीच, २९,९०० रुपये. आत मात्र ए११ ओलांडून थेट ए१२ चिप बसवलेली होती.

मधला काळ होता टाळेबंदीचा. जून २०२० मध्ये ऑनलाइन शाळा सुरू झाल्या आणि घराघरांत टॅब्लेटची निकड निर्माण झाली. त्या जून-जुलैत साधा नवा आयपॅड घेणाऱ्याला सातवी पिढी मिळाली, दिवाळीपर्यंत थांबलेल्याला त्याच पैशांत आठवी. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, ‘आयपॅडओएस २६’ ही प्रणाली आली, तेव्हा आठव्या पिढीला ती मिळाली आणि सातवी पिढी आधीच्या १८ व्या आवृत्तीवरच थांबली. शाळा सुरू होत असताना थांबा असे कोण म्हणणार? पण एकाच किमतीच्या, एकसारख्या दिसणाऱ्या दोन यंत्रांत चार महिन्यांनी एवढा फरक पाडला, हे विसरता येत नाही.

मागचा हिशेब पाहिला तर साध्या आयपॅडला बाजारात आल्यापासून साधारण सहा ते साडेसहा वर्षे नव्या प्रणाली मिळतात. पाचवी पिढी (२०१७) १६ व्या आवृत्तीवर थांबली, सहावी (२०१८) १७ व्या. २०१४ च्या आयपॅड एअर २ ने मात्र जवळपास आठ वर्षे काढली, कारण तो आला तेव्हा त्याची चिप आणि मेमरी दोन्ही काळाच्या पुढे होती. उलट पहिला आयपॅड दोनच वर्षांत मागे पडला. त्याच्या २५६ एमबी मेमरीत पुढचे काही मावणारच नव्हते.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यायला हवी. ही वर्षे खरेदीच्या तारखेपासून नव्हे, तर यंत्र बाजारात आल्यापासून मोजायची असतात. आयपॅड २ मार्च २०११ मध्ये आला आणि कंपनी तो तब्बल मार्च २०१४ पर्यंत विकत होती. त्याला मिळालेली शेवटची आवृत्ती होती आयओएस ९, आणि २०१६ मध्ये दहावी आली तेव्हा तो बाहेर पडला. पहिल्या दिवशी घेणाऱ्याला साडेपाच वर्षे मिळाली, शेवटच्या दिवसांत घेणाऱ्याला अडीच.

नवी प्रणाली थांबली, तर काय बिघडते?

पहिल्या दिवशी काहीच नाही. यंत्र कालसारखेच चालते. काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत राहतात. २०१३ च्या पहिल्या आयपॅड एअरला अशी एक दुरुस्ती जानेवारी २०२३ मध्येही मिळाली होती. त्यामुळे ‘अपडेट बंद, टॅब बाद’ हे म्हणणे घाईचे आहे. घसरण हळूहळू होते. ॲप बनवणाऱ्या कंपन्या आपली किमान आवृत्ती वर सरकवत जातात. जुन्या यंत्राला ॲप स्टोअर कधी कधी त्या ॲपची शेवटची चालणारी आवृत्ती देऊ करते, पण ज्या ॲपचा सगळा कारभार कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, त्याची जुनी आवृत्ती एक दिवस आतून बंद केली जाते.

ब्राउझरची गोष्ट याहून वेगळी. संगणकावर जुन्या विंडोजमध्येही काही काळ नवा क्रोम घालता येतो. आयपॅडवर तसे होत नाही. भारतात आयपॅडवर क्रोम किंवा फायरफॉक्स घेतला, तरी वेबसाइट दाखवणारे आतले इंजिन ॲपलचेच असते आणि ते प्रणालीसोबतच अद्ययावत होते. प्रणाली अडकली की ब्राउझरही तिथेच अडकतो.

याचा फटका ३० सप्टेंबर २०२१ रोजी अनेकांना बसला. वेबसाइट खरी आहे की बनावट, हे ओळखण्यासाठी प्रत्येक यंत्रात विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी साठवलेली असते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था जगभरातील असंख्य वेबसाइटना मोफत प्रमाणपत्रे देते. तिची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधाराने ओळखली जात, त्याची मुदत त्या दिवशी संपली. नवे मूळ प्रमाणपत्र आयओएस १० पासून पुढे यादीत होते. आयपॅड २, तिसऱ्या पिढीचा आयपॅड आणि पहिला आयपॅड मिनी ९ व्या आवृत्तीवर थांबलेले. एका दिवसात त्यांच्यावर अनेक वेबसाइट ‘असुरक्षित’ दिसू लागल्या. त्या यंत्रांची काच शाबूत होती, बॅटरी चालत होती. आतली यादी तेवढी शिळी झाली होती.

नववी, दहावी आणि ‘ए१६’ : फरक कोणता?

आजच्या खरेदीत प्रत्यक्ष तुलना होते ती या तिघांची. नववी पिढी सप्टेंबर २०२१ मध्ये ३०,९०० रुपयांना आली. होम बटण आणि हेडफोनचे छिद्र असलेला हा शेवटचा आयपॅड. चिप ए१३, स्क्रीन १०.२ इंच, पोर्ट लायटनिंग. मे २०२४ मध्ये कंपनीने तो बंद केला, पण जुन्या बाजारात मागणी टिकून आहे आणि ती समजण्यासारखी आहे. बटण दाबले की घरी, एवढे सोपे यंत्र ज्येष्ठांना आवडते. तारेचे हेडफोन लावून रियाज किंवा व्याख्याने ऐकणाऱ्यांनाही ते सोयीचे.

दहावी पिढी ऑक्टोबर २०२२ मध्ये आली ती ४४,९०० रुपयांना. एका पिढीत १४ हजारांची उडी. होम बटण गेले, बोटाचा ठसा वरच्या बटणावर घ्यायची सोय आली, यूएसबी-सी पोर्ट आले आणि स्क्रीन १०.९ इंचांची झाली. सर्वांत उपयोगी बदल मात्र जाहिरातीत बराच खाली होता. पुढचा कॅमेरा आखूड बाजूवरून लांब बाजूवर आला. टॅब आडवा ठेवून ऑनलाइन तासाला बसलेल्या मुलाची नजर नवव्या पिढीत कायम भलतीकडे गेल्यासारखी दिसते, दहाव्या पिढीत ती समोर दिसते. रोज तास-दोन तास व्हिडीओ कॉलवर असणाऱ्यांसाठी वेगाच्या आकड्यांपेक्षा हे मोलाचे आहे.

पेन्सिलच्या बाबतीत मात्र कंपनीने दहाव्या पिढीत गंमतच केली. हा आयपॅड ॲपलची पहिली पेन्सिल वापरू देतो, पण ती पेन्सिल चार्ज होते लायटनिंगने आणि आयपॅडला आहे यूएसबी-सी. म्हणून मध्ये एक वेगळा ॲडॉप्टर लावावा लागतो. २०२३ च्या अखेरीस यूएसबी-सीवर चार्ज होणारी स्वस्त पेन्सिल आली. तिने टिपणे उत्तम घेता येतात, पण दाबानुसार रेघ जाड-बारीक होत नाही. चित्रकला शिकणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावे. ही नवी पेन्सिल नवव्या पिढीवर चालतच नाही, आणि दुसऱ्या पिढीची पेन्सिल या तिघांपैकी एकावरही चालत नाही. जुन्या आयपॅडसोबत ‘पेन्सिल फ्री’ असे कुणी म्हणाले, तर कोणती, हा पहिला प्रश्न.

मे २०२४ मध्ये दहाव्या पिढीची किंमत ३४,९०० रुपयांवर आली. दहा महिन्यांनी ‘ए१६’ त्याच किमतीला आला, आणि इथे बाहेरून काहीही बदलले नाही. जाहिरातीत त्याची स्क्रीन ११ इंचांची म्हटली आहे, प्रत्यक्षात ती दहाव्या पिढीइतकीच, १०.८६ इंच. गोल करण्याची पद्धत तेवढी बदलली. पण आत दोन गोष्टी बदलल्या आणि दोन्ही टिकाऊपणाशी जोडलेल्या आहेत. सर्वांत कमी किमतीच्या आयपॅडचे स्टोरेज ६४ वरून १२८ जीबी झाले आणि मेमरी ४ वरून ६ जीबी. मेमरीचा आकडा कंपनी या आयपॅडसाठी जाहीर करत नाही, तो यंत्र उघडून पाहणाऱ्यांनी समोर आणला. सिमकार्ड घालणाऱ्यांसाठी आणखी एक बदल आहे : ‘ए१६’च्या सेल्युलर आवृत्तीत प्रत्यक्ष सिमची जागा नाही, फक्त ई-सिम चालते.

तिघांची स्क्रीन एका बाबतीत मात्र सारखीच साधी आहे. वरची काच आणि खालची स्क्रीन वेगवेगळ्या असल्याने पेन्सिल टेकवताना मध्ये किंचित पोकळी जाणवते. महागड्या आयपॅड एअर आणि प्रोमध्ये त्या एकत्र चिकटवलेल्या असतात. याचा फायदा असा की साध्या आयपॅडची काच फुटली, तर बहुधा तेवढीच बदलून भागते.

नवा असूनही मागे?

‘ए१६’ची खरी मर्यादा कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे. ‘ॲपल इंटेलिजन्स’ या सुविधांसाठी कंपनीने किमान ए१७ प्रो किंवा एम१ चिप ठरवली आहे. त्यामुळे २०२५ मध्ये आलेल्या नव्याकोऱ्या आयपॅडवर त्या चालत नाहीत आणि २०२१ च्या एम१ आयपॅड प्रोवर चालतात. पिढी आणि वय यांवरून तुलना करणाऱ्याला हे कोडे वाटेल, चिपवरून पाहणाऱ्याला नाही. एम१ ही मूळची मॅक संगणकांसाठी आलेली चिप आणि त्या प्रोमध्ये मेमरी किमान ८ जीबी. चांगल्या अवस्थेतला जुना प्रो किंवा २०२२ चा एम१ एअर म्हणूनच अनेकदा नव्या स्वस्त आयपॅडपेक्षा सरस सौदा ठरू शकतो.

तरी मराठी वाचकाने या एका सुविधेसाठी बजेट ताणण्याचे कारण दिसत नाही. २०२५ अखेरपर्यंत ‘ॲपल इंटेलिजन्स’च्या भाषांमध्ये मराठीचा समावेश झालेला नाही. इंग्रजीत बरेच लिखाण करणाऱ्यांना तिचा उपयोग होईल. चॅटजीपीटी, जेमिनायसारखी ॲप स्वतंत्रपणे साध्या आयपॅडवरही चालतात, कारण त्यांचे काम दूरच्या सर्व्हरवर होते.

मग पैसे कुठे घालावेत?

एक ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. मागचाच कल कायम राहिला, असे धरून चालू. तसे वचन कंपनीने दिलेले नाही, हा अंदाजच. त्यानुसार नवव्या पिढीला २०२७ च्या आसपासपर्यंत, दहावीला २०२८-२९ पर्यंत आणि ‘ए१६’ला २०३१ पर्यंत नव्या प्रणाली मिळाव्यात. आज नवव्या पिढीचा वापरलेला आयपॅड समजा १५ हजारांना मिळाला, तर उरलेल्या दोन वर्षांचे साडेसात हजार प्रतिवर्षी पडतात. ३४,९०० रुपयांचा नवा सहा वर्षे चालला, तर वर्षाला सहा हजारांच्या आत. स्वस्त वाटणारी वस्तू अशी महाग पडते. हाच जुना आयपॅड दहा हजारांत मिळाला, तर गणित उलटते. आणि ज्याला दोनच वर्षे हवा आहे, उदाहरणार्थ बारावीच्या वर्गांसाठी, त्याला सहा वर्षांचे आयुष्य विकत घेण्याची गरजही नसते.

स्टोरेजचा विचार या हिशेबात सहसा सुटतो. आठव्या पिढीत ३२ जीबीचाही प्रकार होता. प्रणाली आणि तिच्या सोबतची ॲप बरीच जागा खातात, उरलेल्या जागेत फोटो आणि डाउनलोड केलेले व्हिडीओ भरले की पुढचे अपडेट उतरवायलाच जागा उरत नाही. कागदावर पात्र असलेले यंत्र प्रत्यक्षात मागे राहते, ते असे. आयपॅडमध्ये मेमरी कार्ड घालता येत नाही. त्यामुळे ३२ जीबीचा आयपॅड कितीही स्वस्त मिळाला तरी टाळलेला बरा.

जुना घेताना काय तपासावे?

विक्रेत्याच्या शब्दावर पिढी ठरवू नये. पाठीमागे बारीक अक्षरांत मॉडेल क्रमांक असतो : सातव्या पिढीचा वाय-फाय आयपॅड ए२१९७, आठवा ए२२७०, नववा ए२६०२, दहावा ए२६९६. झाकण बदललेले असू शकते म्हणून सेटिंग्जमधील ‘जनरल’ आणि त्यातील ‘अबाउट’ या ठिकाणीही तो जुळवून पाहावा.

बॅटरीचा अंदाज घेणे कठीण आहे. आयफोनसारखी बॅटरीची टक्केवारीतली अवस्था सेटिंग्जमध्ये दाखवण्याची सोय २०२४ पासून आलेल्या आयपॅडमध्येच मिळाली. आठव्या, नवव्या किंवा दहाव्या पिढीत ती दिसत नाही. हजार वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के शिल्लक राहील अशी रचना असल्याचे कंपनी सांगते. वर्षभर रोज पूर्ण चार्ज होणारा आयपॅड हा टप्पा तीन वर्षांच्या आसपास गाठतो. व्यवहारापूर्वी अर्धा तास व्हिडीओ लावून टक्के किती उतरतात, हे पाहणे एवढाच घरगुती उपाय उरतो.

दुरुस्तीचीही मुदत असते. कंपनीने विक्री थांबवल्यानंतर पाच वर्षांनी यंत्र ‘व्हिंटेज’ आणि सात वर्षांनी ‘ऑब्सोलीट’ धरले जाते; त्यानंतर अधिकृत केंद्रात सुटे भाग मिळण्याची आशा धरू नये. नववी पिढी मे २०२४ मध्ये बंद झाल्याने तिच्यासाठी ही पहिली मुदत २०२९ मध्ये येते, म्हणजे प्रणाली थांबण्याच्या अंदाजे वर्षानंतरच.

सर्वांत महाग चूक मात्र खात्याची. आधीच्या मालकाने ‘फाइंड माय’ बंद न करता आयपॅड विकला, तर तो पुसून पुन्हा सुरू केल्यावर त्याच मालकाचा पासवर्ड मागतो आणि त्याशिवाय उघडत नाही. शाळेने किंवा कंपनीने वाटलेले आयपॅडही कधी कधी बाजारात येतात. ते संस्थेच्या यादीतून काढलेले नसतील, तर सुरू होताच पुन्हा त्या संस्थेच्या ताब्यात जातात. हे दोन्ही अडथळे दुकानदाराला सोडवता येत नाहीत. म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला समोर बसवून आयपॅड पूर्ण पुसायला लावावा, वाय-फायला जोडावा आणि स्वागताच्या पडद्यापासून आपल्या खात्याने तो सुरू होतो का, हे शेवटच्या पायरीपर्यंत पाहावे. याला वीसेक मिनिटे लागतात.